वाचकांचे प्रश्न : हात वर केले नाहीत तर चालेल का?

मागच्या वेळी एका उत्तरात मी पेंटेकॉस्टल चर्चच्या (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी ख्रिस्ती मंडळी) संध्याकाळच्या सर्व्हिसचा, म्हणजे उपासनेचा, नुसता उल्लेख केला होता, त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं पान त्यालाच दिलंय. लांब पत्रं थोडी आटोपती केलीत आणि नावं काढून टाकलीत.

प्रश्न : ताई, माझी एक मैत्रीण पेंटेकॉस्टल चर्चला जाते. मागची दोन वर्षं माझी फार वाईट गेली, तेव्हा ही बाई रोज रात्री फोन करायची, एक दिवस चुकवला नाही. ती आता म्हणतेय की एकदा रविवारी संध्याकाळच्या सर्व्हिसला ये. मी ज्या चर्चमध्ये वाढले तिथे सगळं पुस्तकातून असतं, कधी उभं राहायचं कधी गुडघे टेकायचे सगळं ठरलेलं, जोरात खोकलं तरी लोक वळून बघतात. तिने व्हिडिओ पाठवला त्यात लोक रडतायत, ओरडतायत, एक बाई चक्क खाली पडली, कोणीतरी न समजणारं काहीतरी बोलतंय. खरं सांगते, धडकी भरली. पण तिला नाही म्हणवत नाही. तिथे नक्की होतं काय? मी हात वर केले नाहीत, टाळ्या वाजवल्या नाहीत तर वाईट दिसेल का? आणि कोणी मला पुढे ओढत नेलं तर?

उत्तर : जा. आधी एवढं सांगते, मग बाकीचं.

आणि जायच्या आधी मैत्रिणीला एक फोन करा, या वेळी तुम्ही करा. तिला सरळ सांगा की मी तुझ्या शेजारी बसणार, मागच्या बाजूला, रांगेच्या कडेला, आणि मी प्रार्थनेसाठी पुढे जाणार नाहीये तर माझ्याकडे कोणाला पाठवू नकोस. तिला वाईट वाटेल असं वाटतं ना, नाही वाटणार, उलट तिच्या जिवाला बरं वाटेल कारण आपण जिला बोलावलंय तिला काय चालेल काय नाही हे तिलाही कळत नसतं. मला पहिल्यांदा जी मैत्रीण घेऊन गेली होती तिने नंतर सांगितलं की त्या दिवशीचा उपदेश तिला एक अक्षर आठवत नाही, ती पूर्ण वेळ माझ्या चेहऱ्याकडेच बघत होती.

आता होतं काय ते. बऱ्याच पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्ये जुनी पद्धत अशी की सकाळची उपासना मंडळीच्या लोकांसाठी, शिकवण आणि प्रभुभोजनासाठी (येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घेणं), आणि संध्याकाळची बाहेरच्यांना बोलवण्यासाठी. सगळीकडे आता तसं राहिलेलं नाही, तरी संध्याकाळी गाणी जास्त, साक्षी (देवाने माझ्यासाठी काय केलं ते उठून सांगणं) जास्त, शेवटची प्रार्थना लांब, आणि घड्याळाकडे लक्ष कमी. दीड तास म्हणतील, अडीच धरून चला. मधे उठून गेलात तर अपमान होत नाही, फक्त गाणं चालू असताना उठा, सगळे डोळे मिटून प्रार्थना करत असताना नको.

दारातच दोन-तीन जण हात मिळवायला उभे असतात, काही ठिकाणी बायका बायकांना सरळ मिठी मारतात. नको असेल तर दोन पावलं आधीच हात पुढे करा, समोरच्याला कळतं. 'प्रेज द लॉर्ड' म्हणाले तर तुम्ही नमस्कार म्हणा, हॅलो म्हणा, नुसतं हसा, सगळं चालतं. मग गाणी. सलग अर्धा तास, कधी पाऊण तास, ड्रम, कीबोर्ड, गिटार, शब्द स्क्रीनवर, आणि एकच ओळ दहा-दहा वेळा. तुमच्या चर्चमध्ये स्तोत्राला चार कडवी असतात आणि ती संपली की गाणं संपतं, त्यामुळे तुम्हाला पहिल्यांदा वाटेल की हे अडकले की काय. अडकलेले नसतात. शब्द पाठ झाला की माणूस स्क्रीनकडे बघायचं थांबतो आणि त्या ओळीत स्वतःचं काहीतरी घालायला लागतो, त्यासाठीच ती परत परत घेतात. लोक उभे असतात पण पाय दुखले की बसतात, म्हाताऱ्या माणसांकडे बघा म्हणजे लक्षात येईल. तुम्हीही बसा, खुशाल.

हात वर करण्याचं म्हणाल तर त्यांच्यासाठी ती बायबलमधली प्रार्थनेची पद्धत आहे, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल पुरुषांना हात वर करून प्रार्थना करायला सांगतो, बायबलच्या स्तोत्रसंहितेतही आहे. पण सगळ्या हॉलमध्ये बघितलंत तर सगळे हात वर नसतात, कोणाचे कमरेपाशी नुसते उघडे असतात, कोणी खुर्चीची पाठ धरून उभा असतो. तुमच्या हातांकडे कोणीही बघत नसतं. नुसतं दुसऱ्यांसारखं दिसावं म्हणून हात वर करू नका एवढंच माझं म्हणणं, कारण त्या लोकांसाठी ती फार मनापासूनची गोष्ट आहे, आणि मनात नसताना ती करण्यापेक्षा हात मांडीवर ठेवून शांत बसणं त्यांच्या उपासनेला जास्त मान देणारं आहे.

मग एक क्षण येतो ज्याला तुम्ही व्हिडिओत घाबरलात. पुढचा माणूस म्हणतो चला प्रार्थना करूया, आणि एक जण बोलेल बाकीचे ऐकतील असं होतच नाही, सगळेच्या सगळे एकदम, मोठ्याने, आपापली प्रार्थना सुरू करतात. शे-दोनशे माणसं असली तरी कानाला धबधब्यासारखं लागतं. कोरियातल्या चर्चमध्ये तर याला वेगळा शब्दच आहे, तोंगसंग किदो, म्हणजे एकत्र आवाज काढून केलेली प्रार्थना. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा २३ वर्षांची होते आणि हात-पाय गार पडले होते माझे. शेजारी एक आजी होत्या. एका हातात घडी घातलेला रुमाल घट्ट धरलेला, दुसरा हात जेमतेम खांद्यापर्यंत उचललेला, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. एवढ्या गदारोळात त्यांचा आवाज मला सुद्धा ऐकू येत नव्हता म्हणून मी जरा वाकले, तर त्या नावं घेत होत्या. एकामागून एक नुसती नावं, मधे कुठे 'त्याचं ऑपरेशन', 'तिचा मुलगा', परत नाव. सात-आठ मिनिटं त्या थांबल्या नाहीत. तेव्हापासून तो आवाज सुरू झाला की मी त्यात एखादा माणूस शोधते आणि त्याचं ऐकते, मग तो गोंधळ वाटत नाही, प्रत्येक जण काहीतरी अगदी ठराविक मागत असतो. तुमची मैत्रीण दोन वर्षं रोज फोन करत होती ना, मग तुमचं नावही त्या हॉलमध्ये दोन वर्षं घेतलं गेलं असणार.

न समजणारी भाषा म्हणजे 'अन्य भाषा'. त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आलाय, तिथे सविस्तर लिहिते. खाली पडण्याचं एवढंच की त्याला ते 'आत्म्यात पडणं' म्हणतात, पुढे प्रार्थना घ्यायला गेलेल्यांपैकी काहींचं तसं होतं, मागे धरायला माणसं उभी असतात, आणि बऱ्याच ठिकाणी एका अशरच्या (लोकांना मदत करणाऱ्या स्वयंसेवकाच्या) हातावर घडी घातलेल्या छोट्या चादरी असतात, बाई पडली की तिच्या पायांवर ती हळूच टाकतात, कपडा वर जाऊ नये म्हणून. मला ती चादरीची चळत पहिल्यांदा दिसली तेव्हा माझी निम्मी भीती गेली, म्हटलं यांना हे अनपेक्षित नाहीये, यांनी तयारी केलीये, कोणाची लाज राखायची एवढंही डोक्यात आहे.

शेवटी उपदेश झाला की आल्टर कॉल असतो, ज्यांना प्रार्थना हवी, ज्यांना येशूला स्वीकारायचंय त्यांनी पुढे या. गाणं हळू चालू राहतं, पास्टर दोन-तीनदा बोलावतात, 'अजून एक जण आहे' असंही म्हणतात आणि तुम्हाला वाटेल ते माझ्याकडे बघूनच म्हणतायत. जागेवर बसून राहा. कोणी जवळ येऊन विचारलं की तुमच्यासाठी प्रार्थना करू का, तर 'इथेच बसून करा, हात न ठेवता' असं म्हणता येतं, 'आज नको, थँक्यू' असंही म्हणता येतं. हात धरून ओढणं हे चांगल्या मंडळीत होत नाही. जिथे होतं तिथलं पुढचं पत्र वाचा.

प्रश्न : मी गेलो होतो अशा सर्व्हिसला, नोकरी गेली होती, घरात भांडणं, मित्र म्हणाला चल. पुढे बोलावलं म्हणून गेलो. पास्टरनी कपाळावर हात ठेवला आणि अक्षरशः ढकललं. मी पडलो नाही तर माइकवरच म्हणाले की या भावाचा विश्वास कमी पडतोय. नंतर बीपीच्या गोळ्यांबद्दल कळलं तर म्हणाले देवावर भरोसा असेल तर गोळी कशाला. मी नास्तिक नाही पण तेव्हापासून मन उडालंय. चूक माझी होती का?

उत्तर : नाही दादा, तुमची चूक नव्हती. आधीच मोडलेल्या अवस्थेत तुम्ही मदत मागायला गेलात आणि शंभर लोकांसमोर तुमचा अपमान झाला.

माझ्या बाबतीतही एका ठिकाणी असं झालंय, मानेला झटका बसेल इतक्या जोरात मागे रेटलं होतं, आणि मी पाय रोवून उभी राहिले तर कानात सांगितलं गेलं की विरोध करू नकोस. मी तिथून रडत बाहेर आले. पुढे बरीच वर्षं वेगवेगळ्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्ये जाणं झालं तेव्हा एका वयस्कर पाळकांना, म्हणजे पास्टरना, विचारलं, ते म्हणाले की आम्ही हात ठेवतो तो नुसता ठेवायचा असतो, पवित्र आत्म्याला माझ्या मनगटाच्या जोराची गरज नाही. तेच पाळक प्रार्थनेच्या आधी प्रत्येकाला विचारायचे, हात खांद्यावर ठेवू का, आणि बायकांसाठी बायकोला बोलवायचे. म्हणजे पद्धत तीच, हात तेच, पण विचारून. मला तरी सगळा फरक तिथेच दिसतो.

बायबलमध्ये कुठेही प्रार्थनेनंतर माणूस पडला नाही म्हणून त्याचा विश्वास मोजलेला नाही. आजाऱ्यासाठी काय करायचं ते याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात सरळ लिहिलंय, मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करा, आणि ढकला असं त्यात कुठे नाही.

गोळ्यांचं तर मी फार कळकळीने सांगते, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगते. बीपीची, फिटची, डिप्रेशनची, शुगरची, कुठलीही गोळी कोणाच्याही सांगण्यावरून चर्चमध्ये बंद करायची नाही. बरं वाटायला लागलं असं खरोखर वाटत असेल तर डॉक्टरकडे जा, तपासण्या करा, खरंच बरे झाला असाल तर रिपोर्टमध्ये दिसेल आणि डॉक्टर स्वतः गोळी कमी करतील. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहिलंय, आणि त्याच्या जवळच्या माणसांमधला लूक तर वैद्यच होता, कलस्सैकरांच्या पत्रात त्याला प्रिय वैद्य म्हटलंय. अनेक पेंटेकॉस्टल लोक स्वतः डॉक्टर आहेत, नर्स आहेत, प्रार्थनाही करतात आणि औषधही देतात.

परत जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी जा म्हणणार नाही. पण देवावरून मन उडालंय का त्या माणसावरून, हे मात्र एकदा वेगळं करून बघा.

प्रश्न : अन्य भाषा म्हणजे नक्की काय? खरी भाषा असते का? की नाटक? मला खरंच जाणून घ्यायचंय, टिंगल करायची नाहीये.

उत्तर : तुम्ही असं विचारलंत म्हणून मनापासून लिहिते, कारण या विषयावर लोक एकतर हसतात नाहीतर भांडतात.

सगळ्याचं मूळ प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. वल्हांडण या यहुदी सणानंतरच्या पन्नासाव्या दिवसाचा सण, ग्रीकमध्ये पेंटेकॉस्ट म्हणजे पन्नासावा, त्यावरूनच हे नाव. त्या दिवशी शिष्य पवित्र आत्म्याने भरून गेले आणि वेगवेगळ्या भाषांत बोलायला लागले, आणि बघणाऱ्यांपैकी काही म्हणाले की हे प्यायलेत. पेत्राला उठून सांगावं लागलं की अहो आत्ता सकाळचे नऊ वाजलेत. म्हणजे बाहेरच्या माणसाला हे विचित्र दिसणार हे पहिल्या दिवसापासून आहे.

आत्ताची चळवळ मात्र विसाव्या शतकातली. १ जानेवारी १९०१ ला अमेरिकेत कॅन्ससमधल्या टोपेका इथे चार्ल्स पारहॅमच्या बायबल स्कूलमध्ये अॅग्नेस ओझमन नावाची विद्यार्थिनी अन्य भाषेत बोलली. पारहॅमचे वर्ग पुढे ह्यूस्टनला झाले, तिथे विल्यम सेमूर हा कृष्णवर्णीय उपदेशक शिकायला आला, त्याचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले, आणि तेव्हाच्या वर्णभेदाच्या नियमांमुळे त्याला गोऱ्यांच्या बरोबर वर्गात बसता येत नव्हतं, बाहेर बसून ऐकावं लागलं. तोच सेमूर १९०६ मध्ये लॉस एंजेलिसला गेला आणि अझूसा स्ट्रीटवरच्या एका जुन्या पडक्या इमारतीत त्याच्या सभा सुरू झाल्या, दिवसरात्र, साधारण तीन वर्षं, गोरे-काळे एकत्र, त्या काळात. तिथून जगभर लोक गेले. ज्याला दाराबाहेर बसवलं त्याच्याच हातून हे झालं, याचा मला दर वेळी लिहिताना गहिवर येतो.

आणि हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं, अझूसाच्या एक वर्ष आधी, १९०५ मध्ये, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन (श्रद्धेची नव्याने आलेली लाट, रिव्हायव्हल) झालं होतं, मुली रडत होत्या, एकदम मोठ्याने प्रार्थना करत होत्या, पुढे तिथे अन्य भाषाही ऐकू आल्या. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी त्यावर पुस्तिका लिहिली, ती त्यांनी चिलीतल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली, आणि १९०९ मध्ये चिलीत जी पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली तिच्या मुळाशी ती पुस्तिका आहे. प्यू रिसर्च सेंटरने २०११ च्या अहवालात जगातले पेंटेकॉस्टल साधारण २७ कोटी ९० लाख मोजले होते.

आता खरी भाषा का. विल्यम समरिन या भाषाशास्त्रज्ञाने बरीच वर्षं नमुने गोळा करून १९७२ मध्ये पुस्तक लिहिलं, त्याचं म्हणणं असं की त्याला भाषेची लय असते, चढउतार असतात, पण शब्द आणि अर्थ यांची बांधणी भाषेसारखी सापडत नाही, आणि ध्वनी बोलणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेतून आलेले असतात. पण हे वेडाचं लक्षण आहे असंही तो म्हणत नाही. २००६ मध्ये अँड्र्यू न्यूबर्गने पाच बायकांच्या मेंदूचे स्कॅन केले, गाताना आणि अन्य भाषेत बोलताना, तर बोलताना मेंदूच्या पुढच्या भागातली हालचाल कमी झालेली दिसली, म्हणजे आपण ठरवून बोलतो तेव्हा जो भाग राबतो तो. त्या बायकाही हेच सांगत होत्या की आम्ही चालवत नाही, ते होतं. पाचच जणी होत्या त्यामुळे यावर फार मोठा इमला बांधू नये, पण 'नाटक करतात' असं सरसकट म्हणणं मला तरी बरोबर वाटत नाही. श्रद्धा असणाऱ्याच्या दृष्टीने ती देवाशी बोलायची भाषा आहे, माणसाला कळायची गरज नसलेली. एका बाईंनी मला सांगितलं होतं, मुलगा गेल्यावर माझे शब्दच संपले होते, तेव्हा एवढंच उरलं होतं. त्यावर मी काय बोलणार.

पण ज्याला ऐकताना बावचळायला होतं त्याच्या बाजूने पौलच उभा आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय काढून वाचा. तो लिहितो की सगळी मंडळी जमलीय, सगळेच अन्य भाषेत बोलतायत आणि बाहेरचा कोणी आत आला तर तो तुम्हाला वेडे म्हणणार नाही का? म्हणून दोघांनी, फार तर तिघांनी बोलावं, एकामागून एक, कोणीतरी अर्थ सांगावा, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावं. म्हणजे अनोळखी चर्चमध्ये पहिल्यांदा शिरणाऱ्या माणसाचा विचार त्याने जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी केलाय. तुम्ही गेलात आणि कोणी एकटा मोठ्याने अन्य भाषेत बोलला, मग सगळे थांबले, शांतता झाली, आणि दुसऱ्या कोणी उठून तुमच्या भाषेत त्याचा अर्थ सांगितला, तर समजा की ही मंडळी तो अध्याय पाळते. गाण्यांच्या वेळी पुटपुटल्यासारखं चालतं ते वेगळं, त्याला बरेच जण वैयक्तिक प्रार्थना मानतात आणि तिथे अर्थ सांगत नाहीत.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. होणाऱ्या बायकोचं घर पेंटेकॉस्टल आहे, त्यांच्याबरोबर एकदा जायचंय. बाप्तिस्मा वगैरे देऊन टाकतील का, प्रभुभोजन घ्यायचं का, पैशाची पिशवी आली तर किती टाकायचे?

उत्तर : बाप्तिस्मा असा चालता-बोलता देत नाहीत. यांच्याकडे तो पूर्ण पाण्यात बुडवून असतो, मोठ्या माणसाने स्वतः तोंडाने विश्वास कबूल केल्यावर, बहुतेक ठिकाणी त्याआधी शिकवण असते. तुमच्यापुढे प्रश्न येईल तो प्रार्थनेचा. 'माझ्यामागून म्हणा' असं सांगून एक प्रार्थना म्हणवून घेतात, त्यात आपली पापं कबूल करून येशूला प्रभू म्हणून स्वीकारतो असं असतं. मनात असेल तर म्हणा, नसेल तर सासरेबुवा शेजारी आहेत म्हणून म्हणू नका. ते लोक ते खरं धरतात, आनंदाने मिठी मारतात, आणि मग तुम्ही पुढचं आयुष्य एका न म्हणायच्या वाक्यावर काढणार. तसंच हात वर करा, डोळे सगळ्यांचे मिटलेत, असं म्हणाले तरी तेच.

प्रभुभोजन असेल तर ट्रे हातोहात फिरतो, भाकरीचा तुकडा आणि छोट्या कपात बहुतेक वेळा द्राक्षाचा रस. तो विश्वास ठेवणाऱ्यांसाठी आहे असं ते आधी सांगतातच. तुम्ही ट्रे पुढच्याला द्या, संपलं, कोणी विचारत नाही. अर्पणाचंही तसंच. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, मंडळीच्या लोकांसाठी, पाहुण्यावर त्याचं काही बंधन नाही, पिशवी पुढे सरकवली तरी चालते. टाकावंसं वाटलं तर टाका. पण अर्पणाआधी अर्धा-अर्धा तास भाषण चाललं, इतके द्या म्हणजे इतक्या पटीने मिळेल, अमुक रकमेसाठी उभे राहा, असं सुरू झालं तर खिशाला हात लावू नका, आणि होणाऱ्या बायकोशी घरी जाऊन मोकळेपणाने बोला. पौल म्हणतो प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, जबरदस्तीने नको.

फॉर्म देतील, नाव, फोन, पत्ता. नुसतं नाव लिहून परत दिला तरी चालतो.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीला घेऊन जाऊ का? आवाजाला घाबरते.

उत्तर : पहिल्या वेळी तिला नका नेऊ, तुम्ही एकट्या जाऊन या आणि आवाज किती असतो ते बघा. नायॉश ही अमेरिकेची सरकारी संस्था कामगारांसाठी सांगते की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास, आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. हे मोठ्या माणसांचं झालं. लहान हॉल, ड्रम आणि चार स्पीकर असले की ९० पार करायला वेळ लागत नाही, मोबाईलवर आवाज मोजायचं अॅप असतं ते साधारण कल्पना देतं. न्यायचंच असेल तर कानावरचे इअरमफ, स्पीकरपासून लांब, दाराजवळ. आणि तिला आधी सांगून ठेवा की तिथे मोठी माणसं रडतील, त्यांना लागलेलं नाहीये, ती देवाशी बोलतायत. मुलांना आवाजापेक्षा रडणाऱ्या मोठ्या माणसाची भीती जास्त वाटते.

प्रश्न : कपडे काय घालायचे?

उत्तर : ज्याने बोलावलंय त्याला विचारा, कारण यात कमालीचा फरक आहे. काही मंडळ्यांत जीन्स-टीशर्टमध्ये पास्टर उभे असतात. काहींत, विशेषतः वननेस म्हणजे फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्यांत, बायका केस कापत नाहीत, पॅंट घालत नाहीत, दागिने-मेकअप टाळतात. तुम्ही पाहुण्या आहात, तो नियम तुमच्यावर नाही. अंगभर, साधं, आणि बराच वेळ उभं राहता येईल अशी चप्पल.

प्रश्न : मी जाऊन आले. सर्व्हिस छान वाटली मला, रडले पण. पण संपल्यावर एक अनोळखी बाई आली, माझं नाव घेऊन म्हणाली तू आलीस, आम्ही तुझ्यासाठी कधीपासून प्रार्थना करतोय. माझा गर्भपात झालेला तिला माहीत होता. मी तिथून पळालेच. हिला कसं कळलं?

उत्तर : मैत्रिणीने सांगितलं. यात गूढ काही नाही. या मंडळ्यांमध्ये प्रार्थनेची यादी असते, बुधवारी किंवा शुक्रवारी लहान गट जमतात, आणि कोणाला काय हवंय ते सांगितलं जातं, मग ती यादी घरोघरी जाते. तुमच्या मैत्रिणीला तुमचं दुःख एकटीला उचलवत नव्हतं म्हणून तिने ते दहा जणींना दिलं. तिच्या मते ही तिला येत असलेली सगळ्यात मोठी मदत होती. आणि तरीही ती गोष्ट तुमची होती, तुम्हाला न विचारता सांगायला नको होती. या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत, त्यामुळे तुम्हाला रडू पण आलं आणि पळावंसं पण वाटलं, त्यात काही विचित्र नाही.

तिला सांगा. रागाने नको, पण गुळमुळीत पण नको. म्हणा की प्रार्थना कर, माझं नावही घे, पण काय झालं ते मी सांगितल्याशिवाय कोणाला सांगू नकोस. जी ऐकून घेईल, माफी मागेल, तिच्याबरोबर परत जायला हरकत नाही. आणि त्या अनोळखी बाईंना, परत भेटल्या तर, तुम्हाला वाटलं तर नाव विचारा. त्यांना तुमचं कधीपासून माहीत आहे, तुम्हाला त्यांचं नाही.